निवडणुकीतल्या फसवणुकीवर बंदी: सरकारी तिजोरीला ती नेमकी कितीला पडते?

प्रश्न थोडक्यात असा. मतदारांची दिशाभूल करणं हा स्वतंत्र गुन्हा करावा, असं सुचवणारं एक अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या, म्हणजे खासगी सदस्यानं मांडलेलं) प्रश्नकर्त्यांच्या वाचनात आलं. मतदानाची खोटी तारीख पसरवणं, केंद्र बदलल्याची अफवा उठवणं, बनावट आवाजात फोन लावणं, हे सगळं त्यात येतं. विधेयकाच्या शेवटी वित्तीय ज्ञापनात, म्हणजे खर्चाविषयीच्या टिपणात, एकच ओळ आहे: भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्राच्या तिजोरीतून, आवर्ती (दरवर्षीचा) किंवा अनावर्ती (एकदाचा) खर्च होणार नाही. त्यांचा सवाल असा, की तपास, पथकं आणि कोर्टकचेऱ्या जर लागणारच आहेत, तर हे फुकटात कसं होईल? ही शुद्ध धूळफेक नाही का?

धूळफेक नाही. पण ती ओळ वाचून खर्च शून्य आहे असं समजलात, तर तीही चूक. या ज्ञापनाला एवढंच विचारलेलं असतं, की पैसा भारताच्या एकत्रित निधीतून जाणार आहे का. संविधानाचं कलम 117(3) आणि लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम 69 तेवढ्याचंच उत्तर मागतात. पोलीस राज्याचे. कनिष्ठ न्यायालयं चालवण्याचा खर्च मुख्यतः राज्याचा. न्यायवैद्यक प्रयोगशाळाही बहुतेक राज्याच्या. त्यामुळे दिल्लीत बसून 'आमचा खर्च नाही' असं लिहिलं तर ते तांत्रिकदृष्ट्या खरं असतं. खर्च होतो तो मुंबईच्या किंवा पणजीच्या खिशातून. शिवाय खर्च आहे असं मान्य केलं, की राष्ट्रपतींची शिफारस मिळाल्याशिवाय विधेयक संमत होऊ शकत नाही. खासगी सदस्याला तो अडथळा अंगावर घ्यायचा नसतो. राज्याच्या विधिमंडळात हेच काम कलम 207(3) करतं, आणि तिथे मात्र 'खर्च नाही' ही ओळ जास्त बारकाईनं वाचावी, कारण पोलीसही राज्याचे आणि निधीही राज्याचाच.

म्हणजे खरा प्रश्न 'खर्च आहे की नाही' हा नाहीच. तो कोणाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यावर पडतो आणि कायद्याच्या कोणत्या शब्दामुळे वाढतो, हे विचारायला हवं.

आधी कोण भरतं ते. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा-निम्मा. पण कायदा आणि सुव्यवस्थेचा खर्च निवडणूक कोणतीही असो, राज्याकडेच. अंदाजपत्रकात हे तीन ठिकाणी विखुरलेलं दिसतं: 2015 म्हणजे निवडणुका, 2055 म्हणजे पोलीस, 2014 म्हणजे न्यायदान. फसवणूकविरोधी कायद्याचा भार प्रामुख्यानं 2055 आणि 2014 वर पडतो, आणि लोक शोधत बसतात 2015 मध्ये. तिथे काही सापडत नाही, आणि मग 'खर्च नाहीच' असा निष्कर्ष निघतो. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे. तिथला हिशेब पुन्हा वेगळा. तेव्हा प्रस्ताव कोणत्या निवडणुकीसाठी आहे हे ठरल्याशिवाय आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता कायद्याकडे. यातलं बरंच काही आधीपासून गुन्हा आहे. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल खोटं विधान करणं 1920 पासून दंडनीय आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं 171-छ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 175 आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 123(4) खाली तेच 'भ्रष्ट आचरण' ठरतं आणि त्यानं निवडणूक रद्द होऊ शकते. छपाईवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवं, आणि प्रकाशकानं दोन ओळखीच्या व्यक्तींच्या सहीनं घोषणापत्र दिलेलं हवं, हे कलम 127-अ. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर कलम 125-अ, सहा महिन्यांपर्यंत कैद. जागा रिकामी आहे ती मतदानाच्या प्रक्रियेबद्दलच्या खोट्या माहितीची. 'तुमच्या वॉर्डाचं मतदान परवावर गेलंय' असं पसरवणाऱ्याला चपखल बसणारं कलम नाही. अनुचित प्रभाव, बनावट दस्तऐवज अशी कलमं ओढून-ताणून लावावी लागतात. ही फट बुजवायची हा हेतू रास्तच आहे.

पण कलम 175 वर आज सरकारचा खर्च जवळपास नाही, तो का, हे समजून घ्या. नव्या कायद्याचं गणित त्यातूनच निघतं. हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) नोंदवली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही. शिक्षा फक्त दंड. आणि फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत सहा महिने. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये ती आहे. निवडणुकीच्या धामधुमीत तक्रार होते, निकाल लागतो, सगळे आपापल्या कामाला लागतात, सहा महिने कधी उलटले कळत नाही. कायदा स्वस्त आहे, कारण तो फारसा वापरला जात नाही.

नव्या विधेयकात 'दखलपात्र' लिहिलं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत ठेवली, की सगळं बदलतं. एफआयआर अनिवार्य होतो, तपास अधिकारी नेमावा लागतो, मोबाइल जप्त होतो, आणि दखलीची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर जाते. मोबाइल जप्त झाला की भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63(4) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र आलं. त्यात उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याची सही, तज्ज्ञाची सही आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लागतं. गंमत अशी, की सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि सगळ्यात जास्त खटले इथेच ढासळतात. तक्रारदार व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट छापून देतो, भरारी पथक तोच पंचनाम्याला जोडतं, आणि मूळ फोन तक्रारदार घरी घेऊन जातो. सहा महिन्यांनी त्या फोनमध्ये संदेश नसतो. पुढचा सगळा तपास, म्हणजे सगळा खर्च, पाण्यात. म्हणून अंदाज करताना एक ओळ प्रशिक्षणासाठी वेगळी ठेवायला हवी: पथकातल्या प्रत्येकाला पुरावा जागेवर कसा घ्यायचा, हॅश कसा काढायचा, हे दोन तास शिकवणं. हा खर्च टाळला तर बाकीचा वाढतो.

मनुष्यबळाचं गणित कसं मांडतात ते दाखवतो. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत, प्रत्यक्ष नोंदी नाहीत. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 मतदारसंघ. भारत निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक मतदारसंघात किमान तीन भरारी पथकं, म्हणजे किमान 864. एका पथकात कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस अधिकारी, चित्रीकरण करणारा आणि तीन-चार शिपाई. सहा माणसं धरू. प्रत्येक मतदारसंघात दिशाभुलीच्या 40 तक्रारी आल्या असं समजा, एकूण 11,520. यातल्या निम्म्या टेबलावरच निकाली निघतात: त्याच त्या तक्रारी पुन्हा, निव्वळ टीका, विडंबन, दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ. उरल्या 5,760. प्रत्येकीला जाणं-येणं, चित्रीकरण, पंचनामा मिळून दोन तास. सहा माणसांचे मिळून 69,120 तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीचे 8,640 मनुष्यदिवस. त्यातल्या वीसात एका तक्रारीचा गुन्हा झाला तर 288 गुन्हे. प्रत्येक गुन्ह्याला तपास अधिकाऱ्याचे 15 कामाचे दिवस धरले तर 4,320 दिवस. वर्षाला 240 कामाचे दिवस पकडले, तर 18 अधिकाऱ्यांचं पूर्ण वर्ष.

आता इथे वाद होतो. वित्त विभाग म्हणतो, पथकं आधीच आहेत, पगार आधीच चालू आहे, मग नवा खर्च कुठला? डिझेल, चित्रीकरणाचं बिल आणि भत्ते एवढंच लिहा. हिशेबाच्या नियमानं ते बरोबर आहे. पण दारू, रोख रक्कम आणि साड्यांच्या वाटपाच्या तक्रारीसाठी नेमलेलं पथक जेव्हा एका ऑडिओ क्लिपमागे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जातं, तेव्हा नाक्यावरून रोकड निघून जाते. ही किंमत कोणत्याच लेखाशीर्षात दिसत नाही. आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारींच्या ॲपवर आलेल्या तक्रारीचा 100 मिनिटांत निपटारा अपेक्षित असतो. तक्रारींचा एक नवा प्रकार वाढवला आणि पथकं तेवढीच ठेवली, तर ही वेळ पाळणं जमत नाही, किंवा ती कागदावर पाळली जाते. दुसरी शक्यता जास्त.

म्हणून माझा आग्रह असा असतो, की अंदाज दोन रकान्यांत द्यावा. एकात हातातून जाणारा नवा पैसा, दुसऱ्यात आहे त्या माणसांचे वळवलेले दिवस. पहिला रकाना छोटा दिसतो, दुसरा बघून सचिव खुर्चीत सावरून बसतात.

दंडातून वसुली होईल हा युक्तिवादही कायम येतो. तो अंदाजात घेऊ नका. कलम 127-अ चा दंड आजही जास्तीत जास्त 2,000 रुपये आहे. तेवढ्यासाठी काढलेल्या समन्सची बजावणी त्याहून महाग पडते. मोठे दंड ठेवले तरी फारसं हाती लागत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात जानेवारी 2024 मध्ये अध्यक्ष बायडेन यांच्या नकली आवाजात मतदारांना 'प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत) मत देऊ नका' असे फोन गेले. संघराज्याच्या दूरसंचार आयोगानं त्यामागच्या राजकीय सल्लागाराला 60 लाख डॉलरचा दंड लावला. तोच माणूस जून 2025 मध्ये राज्याच्या फौजदारी खटल्यात ज्युरीसमोर निर्दोष सुटला. आकारलेला दंड ही आदेशावरची रक्कम असते. तिजोरीत ती जमा होईल असं धरून कोणी खर्चाची तरतूद करू नये.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथली पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे विधेयक समितीतून बाहेर पडलं, की काँग्रेसचं अर्थसंकल्प कार्यालय त्याचा स्वतंत्र खर्च-अंदाज देतं. 1974 च्या अर्थसंकल्प कायद्यानं ते बंधनकारक आहे. विधेयक मांडणाऱ्यानं स्वतःच 'खर्च नाही' असं लिहिण्याची सोय नाही. 2007 मध्ये मतदारांची फसवणूक आणि धाकदपटशा रोखणारं विधेयक प्रतिनिधिगृहानं संमत केलं होतं. सेनेटमध्ये ते अडकलं. अशा फौजदारी विधेयकांवर त्या कार्यालयाचा तर्क साधारण ठरलेला असतो: खटले मोजकेच होतील म्हणून तपासाचा आणि तुरुंगाचा वाढीव खर्च फारसा नाही, दंड गुन्हेपीडितांच्या निधीत जातो आणि पुढे तिथूनच खर्च होतो, तेव्हा तोही हिशेबात जमेचा धरायचा नाही. मला त्या विधेयकातलं दुसरं एक कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. खोटी माहिती पसरल्याचं कळलं, तर ॲटर्नी जनरलनं त्या मतदारांपर्यंत खरी माहिती पोहोचवायची आणि नंतर काँग्रेसला अहवाल द्यायचा, असं त्यात होतं. शिक्षेच्या कलमापेक्षा खरा पैसा अशा कलमात असतो. एखाद्या वस्तीत मतदानाच्या आदल्या रात्री 'केंद्र बदललं' ही अफवा उठली, तर दोषीला पकडायला वर्षं लागतात, पण खरं केंद्र कोणतं हे त्याच रात्री घरोघर सांगावं लागतं.

आपल्याकडे त्याची यंत्रणा बरीचशी उभी आहे: बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी), मतदार माहिती चिठ्ठी, 1950 ही हेल्पलाइन. 2024 च्या लोकसभेच्या वेळी आयोगानं 'मिथक विरुद्ध वास्तव' अशी नोंदवहीही संकेतस्थळावर सुरू केली. कमी पडतो तो रात्रीचा तातडीचा खर्च. रिक्षावरचा भोंगा, स्थानिक केबलवरची पट्टी, मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवण्याचं बिल, आणि हे मंजूर करायचा अधिकार तहसीलदार पातळीवर. पैसे थोडेच लागतात. पण मंजुरी जिल्ह्यावरून येईपर्यंत मतदान उरकलेलं असतं. विधेयकात शिक्षेऐवजी या एका अधिकाराची तरतूद केली तरी रुपयामागे जास्त काम होईल.

आता महाग बाजू: निवडणूक याचिका. भ्रष्ट आचरणाच्या यादीत नवी फसवणूक घातली, की हरलेल्या प्रत्येक उमेदवाराला उच्च न्यायालयाचं दार उघडतं. मुदत निकालानंतर 45 दिवस. अनामत 2,000 रुपये, जी खर्चाच्या मानानं नगण्य आहे. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम 86(7) म्हणतं. 'प्रयत्न' हाच शब्द तिथे आहे. पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का लागतो: विधान खोटं होतं, उमेदवाराला ते खोटं असल्याचं माहीत होतं किंवा खरं वाटत नव्हतं, आणि त्यानं निवडणुकीवर परिणाम व्हावा असा रोख होता. साक्षीदार भरपूर, उलटतपासण्या लांब. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर 1987 मध्ये झाली, मुंबई उच्च न्यायालयानं ती एप्रिल 1989 मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल डिसेंबर 1995 मध्ये आला. तिथला आरोप धर्माच्या नावानं मतं मागण्याचा होता, खोट्या माहितीचा नव्हता. पण वेळेचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. मधे विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या.

याचिकेचा एक खर्च कोणाच्याच ध्यानात येत नाही: मतदान यंत्रं. निकालानंतर याचिकेची मुदत संपेपर्यंत ती सीलबंद ठेवावी लागतात, आणि याचिका दाखल झाली की न्यायालय परवानगी देईपर्यंत हलवता येत नाहीत. म्हणजे गोदाम अडकलं, पहाऱ्यावर पोलीस अडकले, आणि पुढच्या निवडणुकीसाठी ती यंत्रं मोजणीतून बाद. 2021 मध्ये कोविडमुळे न्यायालयीन मुदती वाढल्या तेव्हा काही राज्यांतली यंत्रं अशी अडकून पडली आणि ती सोडवायला आयोगाला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. महाराष्ट्रात मतदान केंद्रं सुमारे एक लाख, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघात सरासरी 350. तेवढ्या केंद्रांचे संच याचिकेमागे बांधले जातात. याचिकेत निवडणूक रद्द झाली आणि याचिकाकर्त्याला विजयी घोषित केलं नाही, तर पोटनिवडणूक: 350 केंद्रांवर केंद्राध्यक्षासह चार-चार कर्मचारी म्हणजे 1,400, वर राखीव, दोन प्रशिक्षणं, वाहनं, बंदोबस्त. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रमाणनाचा, म्हणजे मजकूर आधी तपासून मंजूर करून घेण्याचा, मार्ग मधला आहे. दूरचित्रवाणीवरची राजकीय जाहिरात आधी माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीकडे द्यावी लागते. नोंदणीकृत पक्षांनी आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी. हे चालतं, कारण वाहिन्या मोजक्या आहेत. हीच पद्धत समाजमाध्यमांवरच्या प्रत्येक संदेशाला लावायची म्हटलं, तर समितीत किती माणसं बसवणार? आयोगानं मे 2024 मध्ये पक्षांना सांगितलं, की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या मजकुरावर ठळक पट्टी लावायचीही सूचना आली. यात काम पक्षावर ढकललंय, सरकारच्या माथी फक्त देखरेख. तिजोरीच्या दृष्टीनं हुशार सूचना. पण ती पक्षांनाच लागू होते. निनावी खात्यांच्या बाबतीत तिचा काही उपयोग नाही, आणि खोडसाळपणाचा मोठा भाग तिथूनच येतो.

आता सर्वात स्वस्त उपाय, ज्यांना लोक कायदा म्हणतच नाहीत. 2014 मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले. त्याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मतं पडली होती. नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करणं हा गुन्हा करता येईल का? अवघड आहे. आई-वडिलांनी ठेवलेल्या नावावरून कोणाला निवडणूक लढवण्यापासून कसं रोखणार, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं मे 2024 मध्ये अशी याचिका ऐकायला नकार दिला. हेतू सिद्ध करायचा तर तपास लागेल, आणि तो निकालापर्यंत पुरा होणार नाही. आयोगानं वेगळंच केलं: 1 मे 2015 नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचं छायाचित्र छापायला सुरुवात केली. मतपत्रिका छापायची असतेच. फोटो उमेदवारानंच आणून द्यायचा असतो, 2 बाय 2.5 सेंटिमीटरचा. वाढीव खर्च छपाईतल्या फरकाचा. खटला नाही, साक्षीदार नाही, याचिका नाही. नावं सारखी असतील तर व्यवसाय किंवा गाव जोडून वेगळी करायची सोय तर निवडणूक संचालनाच्या 1961 च्या नियमांतच आहे. ती वापरायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला एक पैसा लागत नाही, फक्त छाननीच्या दिवशी डोकं ठिकाणावर लागतं.

फोटो सगळ्यावर पुरत नाही, हेही खरं. 2024 मध्ये साताऱ्यात 32,771 मतांच्या फरकानं निकाल लागला. हरलेल्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं, आणि तुतारी या मुक्त (कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेल्या) चिन्हावर उभ्या असलेल्या अपक्षाला 37,062 मतं मिळाली. ती सगळी चुकून पडली असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण यातही कोणाला तुरुंगात घालण्यासारखं काही नाही; मुक्त चिन्हांची यादी आयोगच करतो. त्या यादीतून दिसायला किंवा नावाला जवळची चिन्हं वगळणं हे एका परिपत्रकाचं काम आहे.

तर 'किती खर्च' याचं उत्तर गुन्ह्याच्या व्याख्येवर ठरतं. मतदान कधी, कुठे, कसं, आणि कोणाला करता येतं, एवढ्याच खोट्या माहितीपुरता गुन्हा ठेवला, तर खरं-खोटं तपासायला अधिकृत अधिसूचना आणि केंद्रांची यादी पुरते. टेबलावर पाच मिनिटांत निकाल. वरच्या गणितातले निम्मे नव्हे, त्याहून अधिक अर्ज तिथेच मिटतील किंवा थेट गुन्ह्यात जातील. पथकाला फिरावं लागणार नाही. व्याख्येत 'उमेदवाराबद्दल किंवा सरकारच्या कामाबद्दल दिशाभूल करणारं विधान' घातलंत, की प्रत्येक भाषण तक्रार बनतं आणि सत्य ठरवणारा कोणीतरी नेमावा लागतो. तो कोण, यावर मग कायदाच न्यायालयात जातो. केंद्र सरकारच्या कामाबद्दलची माहिती खोटी आहे का हे सरकारी तथ्यतपासणी कक्षानं ठरवावं, हा नियम मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला. अमेरिकेतही ओहायो राज्याचा प्रचारातल्या खोट्या विधानांविरुद्धचा कायदा 2016 मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या एका निकालात नोंदवलं, की मतदानाच्या अटी आणि प्रक्रियेबद्दल मतदारांना फसवणारे संदेश राज्यं रोखू शकतात. आखूड व्याख्या न्यायालयात टिकते आणि खर्चही कमी करते. हरणाऱ्या कायद्याच्या बचावाला लागणारी वकील-फी हाही सार्वजनिक खर्चच, आणि तो कोणत्याही ज्ञापनात लिहिलेला मला दिसलेला नाही.

गोव्याचा विचार करताना वरचं गणित सरळ भागून घेऊ नका. तिथे फक्त 40 मतदारसंघ. पथकांचा खर्च प्रमाणात उतरेल, पण सायबर तपासाचा कक्ष, प्रशिक्षक, प्रमाणन समिती हे उभं करायला लागणारं किमान मनुष्यबळ तेवढंच. त्यामुळे दर मतदारसंघामागे गोव्याला तो जास्त पडेल.

तुमच्या विधेयकाची प्रत पुन्हा काढा आणि चार गोष्टी शोधा. गुन्हा दखलपात्र आहे का. तो भ्रष्ट आचरणाच्या यादीत, म्हणजे कलम 123 मध्ये, घातला आहे का. खरी माहिती पोहोचवण्याची जबाबदारी आणि त्यासाठी खर्चाचा अधिकार कोणाला दिला आहे. आणि व्याख्या प्रक्रियेपुरती आहे की मतांपर्यंत पसरली आहे. नंतर माहिती अधिकारात अर्ज करायचा तर 'निवडणुकीत फसवणुकीवर किती खर्च झाला' असं विचारू नका, 'अशी माहिती संकलित नाही' एवढंच उत्तर येईल. जिल्हा निवडणूक शाखेकडे भरारी पथकांच्या वाहन-नोंदवह्या आणि चित्रीकरणाच्या देयकांची बेरीज मागा. पोलीस अधीक्षकांकडे निवडणूक गुन्ह्यांच्या एनसी आणि एफआयआर वेगवेगळ्या मागा, दोषारोपपत्र दाखल झालेल्यांच्या संख्येसह. आणि उच्च न्यायालयाच्या निबंधकांकडे प्रलंबित निवडणूक याचिकांची दाखल-तारखेनुसार यादी. तीन अर्ज तीन कार्यालयांत, प्रत्येकी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. उच्च न्यायालयाचे स्वतःचे माहिती अधिकाराचे नियम आहेत, तेव्हा तिथला नमुना आणि शुल्क आधी बघून घ्या.